बस परत गेल्यावर काय उरतं? मुलांच्या विज्ञान-उपक्रमांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पैशांची वाट

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, आगेमागे विदर्भातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या आवारात शाळांच्या बसेस लागतात. मुलं रांगेनं उतरतात, प्रयोगशाळा बघतात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात, समोसा खातात, फोटो निघतो आणि बस परत जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की अमुक शेकडा विद्यार्थ्यांनी लाभ घेतला. त्यातल्या एकाच्या तरी डोक्यात तीन महिन्यांनी काय शिल्लक होतं, हे विचारायला सहसा कोणी परत जात नाही.

हा लेख परत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असाल, एमएड करत असाल, नाहीतर पीएचडीची नोंदणी नुकतीच झाली असेल. विद्यापीठं मुलांसाठी जे विज्ञानाचे कार्यक्रम घेतात त्यांचा अभ्यास करायची इच्छा आहे, गाइडही तयार आहेत, पण खर्चाचं कसं, या प्रश्नावर गाडी अडली आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. अशा विषयांवर काम करणाऱ्या मुलामुलींचे अर्ज लिहून घेणं, ते नामंजूर झाले की पुन्हा लिहून घेणं आणि शेवटी त्यांच्या पावत्या चिकटवायला बसणं, हे सगळं केलं आहे. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: कार्यक्रम आणि संशोधन वेगळं काढा

आमच्याकडे एकदा सहावीची मुलं आली होती. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावलेली, बाजूला पेशीचं चित्र टांगलेलं. प्रत्येकानं डोळा लावून 'दिसलं' म्हटलं आणि आम्ही यादीवर खूण केली. माझ्या एका विद्यार्थिनीनं मात्र दारातच मुलांच्या हातात कोरे कागद दिले आणि जे दिसलं ते काढा म्हणाली. एका मुलीनं वर्तुळ काढलं आणि कडेनं वाकड्या काळ्या रेघा ओढल्या. हे काय गं, विचारल्यावर म्हणाली, "मले त किडा दिसला. लांब लांब काये पाय." त्या तिच्या स्वतःच्या पापण्या होत्या. नवखा माणूस डोळा भिंगाच्या फार जवळ नेतो तेव्हा असं होतं. तसल्या रेघा असलेले कागद पुष्कळ निघाले. आमच्या यादीत मात्र सगळ्यांनी पेशी पाहिली होती.

तो कागदांचा गठ्ठा म्हणजे संशोधन. स्लाइड, समोसा आणि बस म्हणजे कार्यक्रम. अर्जात या दोन्हींची सरमिसळ झाली की पैसे देणारा वाचतो, 'यांना आणखी एक मेळावा घ्यायचा आहे,' आणि कागद बाजूला ठेवतो. मेळाव्याला पैसे देणाऱ्या योजना वेगळ्या आहेत. तुम्हाला पैसे हवेत ते मेळाव्यानंतर मुलांपर्यंत पुन्हा पोचण्यासाठी, त्यांच्याशी बोलण्यासाठी आणि बोललेलं नीट नोंदवण्यासाठी. हे पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट लिहा.

हा विषय जगात नवा नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठानं २००२ मध्ये मुलांसाठी प्राध्यापकांची व्याख्यानं सुरू केली, पुढच्या वर्षी व्हिएन्नात तसंच 'मुलांचं विद्यापीठ' भरलं आणि मग युरोपभर अशा विद्यापीठांचं जाळं झालं. मुलांना यातून काय मिळतं, कोणती मुलं येतात, कोणती येतच नाहीत, हे प्रश्न तिथल्या अभ्यासकांनी त्यातूनच काढले. आपल्याकडेही अभ्यासायला भरपूर आहे. सीएसआयआरचा, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा, 'जिज्ञासा' उपक्रम २०१७ पासून शाळकरी मुलांना प्रयोगशाळांशी जोडतो आणि नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था सीएसआयआरचीच. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस झाली, तिच्यात मुलांची वेगळी काँग्रेस होती. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र उभं राहिलं आहे. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे. तुमच्या स्वतःच्या कॉलेजातला विज्ञान दिनसुद्धा अभ्यासाचा विषय होतो आणि पहिल्या खेपेला तोच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न लहान ठेवा. 'ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवण्यात विद्यापीठीय उपक्रमांची भूमिका: एक चिकित्सक अभ्यास' या शीर्षकावर कोणीही पैसे देणार नाही, कारण हे काम कधी संपेल ते लिहिणाऱ्यालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी असं लिहा: 'एका दिवसाच्या सूक्ष्मदर्शक कार्यशाळेनंतर तीन महिन्यांनी सहावीच्या मुलांच्या चित्रांत काय उरतं? दोन शाळांचा अभ्यास.' वाचणाऱ्याला लगेच कळतं की मुलं किती, शाळा किती, वेळ किती.

आणखी एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत: बसमध्ये कोण बसलं नाही? बसला जागा पन्नास असतात आणि वर्गात मुलं जास्त. मग 'हुशार' मुलं निवडली जातात. काही मुलींना घरून परवानगी मिळत नाही, काही मुलं त्या दिवशी कापूस वेचायला गेलेली असतात. शाळेचा हजेरीपट आणि बसची यादी शेजारी शेजारी ठेवली की चार दिवसांत एक चांगला अभ्यास उभा राहतो.

दुसरी पायरी: पैशाच्या आधी कॅलेंडर

बहुतेक मार्गदर्शक लेख इथे योजनांची यादी देतात. मी आधी तारखा सांगतो, कारण आमचे दोन अर्ज तारखांनी बुडाले आहेत.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालते. वऱ्हाडात दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी सुरू होते, ती पुढे लांबते. मार्च-एप्रिलमध्ये जंगलपट्ट्यातली घरं पहाटेपासून मोहफुलांमागे असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. या सगळ्या काळात मुलांची हजेरी आणि आईवडिलांची भेट, दोन्हींवर परिणाम होतो.

आता २८ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात तीन महिने मिळवा. मे महिन्याची अखेर येते. शाळा बंद. जुलैत जावं तर चौथीची मुलं पाचवीसाठी दुसऱ्या गावी गेलेली आणि सातवीची आठवीसाठी हायस्कूलला पांगलेली. त्यातच सरकारी पैशाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारीत मिळालेले पैसे मार्चअखेर खर्च दाखवून बंद करावे लागतात आणि तुमची परत जाण्याची सगळ्यात महत्त्वाची फेरी आर्थिक वर्षाच्या बाहेर पडते. आमच्या पहिल्या प्रकल्पात नेमकं हेच झालं. मुलीनं जुलैतल्या फेऱ्या स्वतःच्या खिशातून केल्या.

म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये होणारा कार्यक्रम निवडा. म्हणजे परतीची फेरी फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत होते आणि हिशेब मार्चमध्ये लागतो. फेब्रुवारीचाच कार्यक्रम घ्यायचा असेल तर शाळेतला शेवटचा वर्ग टाळा. पहिली ते सातवीची शाळा असेल तर पाचवी-सहावी घ्या आणि न संपलेली रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात वापरण्याची परवानगी अर्जातच मागून ठेवा. नंतर मागितलेली परवानगी वेळेत मिळाल्याचा माझा तरी अनुभव नाही.

तिसरी पायरी: पैसे कुठे आहेत

पहिलं ठिकाण तुमचा स्वतःचा अभ्यासक्रम. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पीजीच्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक आहेत आणि पदवीला क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभागाचं काम आहे. म्हणजे हे काम तुम्हाला 'अभ्यासाव्यतिरिक्त' करावं लागत नाही. यातून रोख मिळत नाही, पण कॉलेजचं पत्र, उपकरणं, झेरॉक्स आणि कधीकधी कॉलेजची गाडी मिळते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर एखाद्या गावात असेल तर राहण्या-जेवण्याचा प्रश्नही सुटतो. उन्नत भारत अभियानात तुमच्या कॉलेजनं गावं दत्तक घेतली असतील तर त्यातलंच गाव निवडा, तिथे ओळखपाळख आधीच झालेली असते.

दुसरं ठिकाण 'आविष्कार'. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांसाठी असते. कॉलेज, जिल्हा, विद्यापीठ आणि मग राज्य अशा फेऱ्या होतात. बक्षिसाच्या रकमेवर प्रकल्प चालवता येणार नाही. मात्र चार परीक्षकांसमोर उभं राहून पोस्टर समजावल्यावर तुमच्या प्रश्नातली भोकं दिसतात आणि पुढच्या अर्जात 'आविष्कारमध्ये निवड' ही ओळ वजनदार ठरते. अशा विषयानं गट निवडताना विचार करावा. विज्ञानाचा विद्यार्थी असलात तरी मुलांच्या समजुतीचा अभ्यास शुद्ध विज्ञानाच्या गटात उपरा वाटतो. मानव्यविद्यांच्या गटात त्याचं ऐकून घेणारे परीक्षक भेटण्याची शक्यता जास्त.

तिसरं ठिकाण शिक्षकाच्या नावाचा प्रकल्प. बरेच निधी विद्यार्थ्याला थेट मिळत नाहीत, शिक्षकाला मिळतात. राजीव गांधी आयोग, केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, विद्यापीठाचं संशोधन अनुदान, यांचा अर्ज प्राध्यापक करतात. इथे विद्यार्थ्यानं करायचं काम एकच: सरांकडे किंवा मॅडमकडे वेळेत जाऊन म्हणायचं, 'तुमच्या अर्जात कार्यक्रमाचं मूल्यमापन हे खर्चाचं एक शीर्ष घाला, ते काम मी करते.' दोन लाखांच्या विज्ञान शिबिरात वीस हजार मूल्यमापनाला ठेवले तर एमएस्सीचा पूर्ण प्रकल्प त्यात बसतो आणि अर्जही भक्कम होतो. ज्या विद्यार्थ्यांनी हे धाडस केलं त्यांना नाही म्हटलेलं मी फारसं पाहिलं नाही. अडचण एवढीच की अर्ज गेल्यावर कोणी तरी येतं आणि म्हणतं, सर, मला पण.

चौथं ठिकाण अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप. ही पीएचडीवाल्यांसाठी. नेट देऊन जेआरएफ (कनिष्ठ फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,००० रुपये. शिक्षणशास्त्रातूनही नेट देता येते, हे विज्ञानाच्या मुलांच्या ध्यानात नसतं. राज्याच्या संस्थांमध्ये अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे. एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. समाजशास्त्रीय अंगानं काम करणाऱ्यांना आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाची केंद्रीय परिषद आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात तर विज्ञान शिक्षण याच विषयात पीएचडी करता येते. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, तसं हमीपत्रच लिहून द्यावं लागतं. आणि नोंदणी झाल्यापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत बरेच महिने जाऊ शकतात. पहिल्या वर्षाचं क्षेत्रकाम हप्त्याच्या भरवशावर आखू नका.

पाचवं ठिकाण कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणींकडून येणाऱ्या पैशातून खाणबाधित भागासाठी चालणारा जिल्ह्याचा निधी. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली या खाणींच्या जिल्ह्यांत हे दोन्ही पैसे आहेत आणि शिक्षण हा दोघांच्याही नियमांत बसणारा विषय आहे. पण ते विद्यार्थ्याच्या नावानं येत नाहीत. संस्थेची नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या (बारा-ए, ऐंशी-जी), सीएसआरचा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ क्रमांक हे सगळं लागतं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे ते असेल तर प्राचार्यांमार्फत जा. पहिल्या प्रकल्पासाठी या वाटेला जाऊ नये, वर्ष यातच जाईल.

चौथी पायरी: अंदाजपत्रक

नवखे विद्यार्थी दोनपैकी एक चूक करतात. एक तर लाजून पाच हजार मागतात, नाहीतर लॅपटॉपसकट दोन लाख. खाली मी एका एमएस्सी प्रकल्पाचा नमुना देतो. दोन शाळा, साठ मुलं, प्रत्येक शाळेला तीन भेटी: कार्यक्रमाआधी, कार्यक्रमाच्या आठवड्यात आणि तीन महिन्यांनी.

प्रवास: सहा शाळाभेटी आणि परवानग्यांसाठी दोन फेऱ्या, मिळून आठ. एसटी आणि पुढची ऑटो धरून फेरीला ३०० रुपये, म्हणजे २,४०० रुपये. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मुलींनी अंदाजपत्रकात अर्धंच भाडं धरावं, तपासणारा तेवढं बघतो.

छपाई: साठ मुलं, तीन वेळा, चार पानं, पानाला दोन रुपये, म्हणजे १,४४० रुपये.

मुलांचा खाऊ: साठ मुलं, तीन वेळा, प्रत्येकी वीस रुपये, म्हणजे ३,६०० रुपये. हा खर्च कापू नका. मुलं मधली सुट्टी सोडून तुमच्यासाठी बसतात.

भाषेसाठी सहायक: सहा दिवस, ५०० रुपये रोज, म्हणजे ३,००० रुपये. याबद्दल थोडं सविस्तर बोलायलाच हवं. मेळघाटातल्या मुलाची भाषा कोरकू आहे, भामरागडकडे माडिया, पांढरकवड्याच्या बाजूला कोलामी, इतर कित्येक ठिकाणी गोंडी. प्रमाण मराठीतल्या प्रश्नावलीवर ही मुलं गप्प बसतात आणि आपण लिहून मोकळे होतो की 'आकलन कमी आढळले'. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणारं मूलसुद्धा पुस्तकी प्रश्न ऐकून परीक्षेला बसल्यासारखं आक्रसतं. गावातलाच एखादा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या, आधी दोन तास बसून प्रश्न त्यांच्या बोलीत करून घ्या आणि त्या कामाचे पैसे द्या. फुकट दुभाषी नेऊ नका. हा खर्च अंदाजपत्रकात पाहिला की परीक्षकालाही कळतं की या माणसानं शाळा पाहिलेली आहे.

साहित्य: साधी भिंगं, स्लाइड, रंगीत खडू, कागद, २,५०० रुपये. रेकॉर्ड केलेलं बोलणं उतरवून घेण्यासाठी १,५०० रुपये. शेवटी शाळेला देण्याच्या अहवालाची छपाई १,००० रुपये.

एकूण १५,४४० रुपये. या आकड्यात तुमच्या भागातल्या दरानुसार फरक पडेल. प्रत्येक रकमेपुढे गुणाकार दाखवलेला असावा, एवढं पाळा. 'इतर खर्च ५,०००' असली ओळ लिहाल तर कात्री तिथूनच सुरू होते. आणि कात्री लागलीच तर शाळा दोनाची एक करा, तिसरी भेट मात्र सोडू नका. तीच गेली तर तुमचा अभ्यास पुन्हा लाभार्थ्यांच्या यादीवर येऊन थांबतो.

पाचवी पायरी: अर्ज लिहिणं

अर्जाची सुरुवात राज्यघटनेच्या कलम ५१-क पासून करू नका. वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे हे खरं, आणि मोलाचं आहे. पण तपासणाऱ्यानं त्या दिवशी वाचलेल्या वीस अर्जांत ते वाक्य आधीच येऊन गेलेलं असतं. सुरुवात तुम्ही पाहिलेल्या गोष्टीपासून करा. आमच्या विद्यार्थिनीनं पापण्यांच्या रेघा असलेलं ते चित्रच अर्जाला जोडलं होतं, नाव झाकून. बैठकीत सगळ्यात जास्त प्रश्न त्या चित्रावर आले.

पद्धत लिहिताना साध्या शब्दांत सांगा की मुलांना नेमकं काय करायला सांगणार. चित्रं काढून घेणार, दोघा-दोघांना बसवून बोलणार, वस्तू हातात देऊन 'हे कसं चालतं ते मला शिकव' म्हणणार. पाहुण्यांना बरं वाटेल ते बोलायची मुलांना सवय असते. 'कार्यक्रम आवडला का?' याला हात वर होणारच. त्यामुळे आवडीचा प्रश्न एकमेव ठेवू नका. कार्यक्रमाला न गेलेला त्याच इयत्तेचा दुसरा वर्ग मिळाला तर तुलनेला घ्या.

गावाशी जोडलेला विषय असेल तर फार बरं. लोणारचं सरोवर उल्कापातानं झालं, ते २०२० मध्ये रामसर यादीत आलं, पण काठच्या गावातल्या मुलांना विद्यापीठाच्या सहलीनंतर त्याबद्दल काय सांगता येतं? सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत एप्रिल २०२२ मध्ये आकाशातून धातूचं मोठं कडं पडलं, अंतराळयानाचे अवशेष म्हणून त्याची चर्चा झाली. तिथल्या मुलांचं कुतूहल पुढे कोणी जपलं का? असे प्रश्न पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला सुचणार नाहीत. पेंच, सिरोंच्याची जीवाश्मं, बोंडअळी, विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड, हे सगळं तुमच्या हाताशी आहे.

सहावी पायरी: परवानग्या आणि मुलांची संमती

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि एका प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्क्याची ती प्रत केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, तिघांना दाखवायला लागते. खाजगी हायस्कूलसाठी माध्यमिक शिक्षणाधिकारी आणि संस्थेचे सचिव. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे येतात, तिथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागते. धारणी, पांढरकवडा, चिमूर, देवरी, अहेरी, भामरागड अशा ठिकाणी ही कार्यालयं आहेत. या सगळ्याला सहा आठवडे धरा.

मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे मुलांची संमती नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती तर हवीच. शिवाय सात ते बारा वयाच्या मुलाला विचारून त्याचा तोंडी होकार घ्यायचा आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी. पालक दिवसभर शेतात असतात, म्हणून संध्याकाळी घरी जा, फॉर्म वाचून दाखवा, अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदाराची सही घ्या. एखाद्या मुलानं नको म्हटलं तर त्याला खाऊ द्या आणि खेळायला जाऊ द्या. चित्रांवर नावाऐवजी क्रमांक टाका. नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकू नका, मोह कितीही झाला तरी. मुलांशी बोलताना दार उघडं ठेवा, शिक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात बसा. विद्यापीठाच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागत असेल तर ती पहिल्या शाळाभेटीच्या आधी हातात हवी.

सातवी पायरी: पावत्या

पैसे मंजूर झाले की ते बहुधा कॉलेजच्या खात्यात येतात आणि तुम्हाला अ‍ॅडव्हान्स मिळते. पहिल्या दिवसापासून एक वही करा: तारीख, गाव, काम, रक्कम, पावती क्रमांक. एसटीचं मशीनचं तिकीट थर्मल कागदावर असतं, दोन-तीन महिन्यांत कोरं होतं. त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि दोन्ही एकत्र चिकटवा. एका विद्यार्थ्यानं सगळी तिकिटं जपून डब्यात ठेवली होती. मार्चमध्ये डबा उघडला तेव्हा पांढऱ्या चिठ्ठ्या निघाल्या. ऑटोवाला बिल देत नाही, तिथे स्वतःच्या सहीचं व्हाउचर करून गाइडची सही घ्या. सहायकाला एकरकमी ५,००० रुपयांपेक्षा जास्त देत असाल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. एका शीर्षातले पैसे दुसऱ्यावर खर्च करायचे तर आधी लेखी विचारा. केंद्राच्या निधीला शेवटी जीएफआर १२-ए (केंद्राच्या वित्तीय नियमांतला) नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला लागतो. ते कॉलेजचा लेखा विभाग आणि सीए करून देतात, पण त्यांच्या मागे तुम्हीच लागायचं, आणि तेही फेब्रुवारीपासून. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. मिळालं नाही तर बैठकीला बसलेल्या कोणाला तरी भेटून विचारा. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच कारण आलं, 'व्याप्ती फार मोठी'. तेव्हा शाळा कमी करा, इयत्ता एक करा, आणि पुढच्या फेरीत तोच अर्ज पुन्हा द्या.

काम संपल्यावर विद्यापीठाला अहवाल जाईलच. शाळेसाठी वेगळी चार पानं करा, मोठ्या अक्षरांत, मुलांच्या चित्रांसह, त्यांना वाचता येईल अशा मराठीत. अंदाजपत्रकातले ते १,००० रुपये यासाठी आहेत. ती पानं पोस्टानं पाठवू नका, तिसऱ्या भेटीनंतर एकदा घेऊन जा आणि जमलं तर सूक्ष्मदर्शकही सोबत न्या. आमची विद्यार्थिनी गेली होती. त्या मुलीला तिनं डोळा भिंगापासून थोडा मागे धरायला शिकवलं. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "ह्या विटा कोणं रचल्या?"

पुढच्या भेटीची तारीख निघतानाच मुख्याध्यापकांच्या डायरीत लिहून या.